खिळ्यावरची जाळी

मी एक जुनी जाळी आहे. जाळी म्हटलं की तुम्हाला खिडकीची जाळी आठवेल, डास अडवणारी. मी डास अडवत नाही, मी हात अडवते. पत्र्याची झाकणं दाबणाऱ्या एका प्रेसच्या तोंडावर मला बसवलं होतं, म्हणजे माणसाचा हात चुकूनसुद्धा त्या तोंडात जाऊ नये. आता माझी वरची दांडी मोडली आहे, गज एका अंगाला वाकले आहेत आणि पिवळ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत. एका सरकारी कचेरीत, छत्र्या ठेवायच्या जागेशेजारी, मला टेबलावर मांडून ठेवलं आहे. येणारे-जाणारे माझ्याकडे बघतात आणि 'बिचारी' म्हणतात.

मित्रांनो, तुम्ही तसं म्हणू नका. मी बिचारी-बिचारी काही नाही. मला एक उट्टं काढायचं होतं आणि ते मी पुरेपूर काढलं आहे. कसं काढलं ते सांगते.

माझा जन्म एका वेल्डरच्या हातून झाला. त्यांना सगळे ठिणगीकाका म्हणत, कारण त्यांच्या अंगावरच्या कुठल्याच सदऱ्याला भोकांचा तोटा नसे. कारखाना लहानसाच होता. पुढच्या खोलीत मालकांचं टेबल, मधल्या खोलीत प्रेस, मागे पॅकिंग आणि हात धुवायची मोरी. खोल्या एवढ्या जवळ की पुढे कुणी शिंकलं तर मागून कुणीतरी 'पाणी प्या' म्हणायचं. प्रेसचं काम साधं होतं. खालच्या साच्यावर पत्रा ठेवायचा, पायडल दाबायचं, की वरून लोखंडी डोकं खाली यायचं आणि झाकण तयार. त्या डोक्याला डोळे नव्हते. खाली पत्रा आहे की बोट, हे त्याला कळत नसे.

प्रेसवर एक मावशी बसायच्या. खऱ्या कुणाच्या मावशी होत्या ते मला ठाऊक नाही, कारखान्यात मात्र त्या सगळ्यांच्याच मावशी. ठिणगीकाका माप घ्यायला आले तेव्हा त्यांनी आधी पट्टी काढलीच नाही.

"मावशी, जरा करंगळी दाखवा," ते म्हणाले.

"का हो? अंगठी करताय की काय?"

"अंगठीच समजा. अख्ख्या हाताला पुरेल अशी."

करंगळीपेक्षा बारीक फट ठेवून त्यांनी माझा एकेक गज जोडला. मी तयार झाले तेव्हा प्रत्येक फटीत स्वतःचं बोट घालून पाहिलं. कुठेच जाईना, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. "पत्रा जाईल, बोट जाणार नाही," ते म्हणाले. माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य हेच. त्यालाच मी माझं नाव समजते.

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. "ही जाळी या साच्याच्या मापाची आहे. साचा बदललात तर मला बोलवा, जाळीही बदलावी लागेल." मालकांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय!

ती वर्षं सुखाची होती, खोटं कशाला बोलू? माझ्या खालच्या फटीतून मावशी पत्रा आत सरकवायच्या, पायडल दाबायच्या आणि तयार झाकण लांब चिमट्यानं ओढून घ्यायच्या. काम थोडं सावकाश होई, पण बिनघोर होई. सुट्टी व्हायच्या आधी त्या मला तेलाच्या फडक्यानं पुसायच्या आणि बोलायच्याही. मुलगा कसा ऐकत नाही, छप्पर कुठे गळतं, शेजारीण कशी मिठाला येते आणि तासभर बसते. मुलाचं लग्न झालं तेव्हा सून कशी आहे हेही मला सगळ्यात आधी कळलं. "बोलते कमी, पण हाताला चपळ आहे," मावशी म्हणाल्या. पुसून झालं की माझ्यावर एक थाप मारून म्हणायच्या, "हात शाबूत तर घर शाबूत." त्या थापेची मला सवय लागली होती.

मग मालकांचे मेहुणे आले. ते मॅनेजर म्हणून आले होते, पण मॅनेजर का, तर मेहुणे म्हणून. त्यामुळे कामगार पाठीमागे त्यांना मेहुणेच म्हणत. पांढरा शुभ्र सदरा, चकचकीत घड्याळ आणि तोंडात एकच शब्द, 'भराभर'. आयुष्यात एक झाकण काढलेलं नाही, पण झाकणं कशी काढावीत हे सगळ्यांना सांगणार. मोठं काम आलं तसे ते प्रेसपाशी उभे राहिले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही धोंड काढा आधी. चिमट्यानं झाकण काढत बसलात तर वर्ष लागेल."

"आणि मग काढू कशानं?" मावशींनी विचारलं.

"हातानं. हात कशाला दिलेत देवानं? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दोन दिवसांत बोट जायला काय वेळ लागतो, साहेब?"

"डोळे उघडे ठेवले की काही होत नाही."

त्यांनी स्वतः पाना घेतला, माझे बोल्ट काढले, प्रेससमोरच्या भिंतीत एक मोठा खिळा ठोकला आणि मला त्यावर टांगलं. मित्रांनो, त्यांचे दोन दिवस काही संपले नाहीत. मी समोरच्या भिंतीवरून बघत राहिले. माझं काम माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि माझे हातपाय बांधलेले होते. ज्या तोंडावर मी असायला हवं, ते तोंड उघडंच होतं आणि मावशींचा हात त्यात आत-बाहेर, आत-बाहेर होत होता. दर वेळी माझा जीव टांगणीला. मी तर टांगलेलीच होते म्हणा.

आणि एके दिवशी दुपारी, जेवणं होऊन सगळे जरा सुस्तावले असताना, झाकण साच्यात अडकलं. मावशींनी ते सोडवायला हात घातला. पाय पायडलवर होता, तो दाबला गेला. मी ओरडले असेन, पण लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. करंगळी मात्र वाचली, जिचं माप घेऊन मला बनवलं होतं तीच.

त्या दिवसापासून मी मेहुण्यांना विसरले नाही. पण बोटं घेऊन हे प्रकरण थांबलं असतं तर कदाचित मी नुसतीच रडले असते आणि गंजून गेले असते. खरं पुढेच घडलं.

त्या सुमाराला सरकारची एक योजना आली होती. लहान कारखान्यांनी सुरक्षितता नीट सांभाळली, मशीनला जाळ्या लावल्या, कुणाला इजा होऊ दिली नाही, तर त्यांना मान्यता मिळायची. दारावर लावायला पितळेची पाटी मिळायची आणि पुढची काही वर्षं नेहमीची तपासणी माफ. अधिकारी यायचे ते आधी कळवून, कारण त्यांचं म्हणणं, आम्ही पकडायला नाही, शिकवायला येतो. योजना वाईट नव्हती. शेजारच्या सुतारकामाच्या कारखान्यानं खरोखर सगळी करवतं झाकून घेतली आणि मान मिळवला. पण दूध शुद्ध असून काय उपयोग, भांडं खरकटं असलं तर?

मावशी पट्टी बांधलेला हात घेऊन आल्या, तेव्हा मालकांनी त्यांना प्रेसशेजारच्या स्टुलावर बसवलं. आवाज अगदी लोण्यासारखा.

"मावशी, झालं ते वाईटच झालं. पण अपघात कागदावर आला की आपली मान्यता गेली. मान्यता आली तर मोठी गिऱ्हाइकं येतील, तुमचंही भलं होईल. तुम्ही एवढंच म्हणा, की घरी दारात बोटं सापडली."

"दारात?"

"दारात. कुणाचीही सापडतात. तुम्हाला झाडलोटीचं काम कायमचं. आणि तुमच्या सुनेला कामावर घेतो. मागे, पॅकिंगमध्ये. सावलीत बसून काम."

मावशींच्या मुलाचं काम तेव्हा सुटलेलं होतं. घरात खाणारी तोंडं होती आणि कमावता हात हा असा. त्यांनी भिंतीकडे, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्या योजनेच्या अधिकारी बाई पहिल्यांदा आल्या त्याच्या आदल्या दिवशी मला खिळ्यावरून काढलं, घासलं, पिवळाधमक रंग दिला आणि प्रेसवर बसवलं. मावशींना त्या दिवशी सुट्टी दिली होती. उगाच कुणाला हात दिसायला नको. बाईंनी माझ्या फटीत आपलं बोट घालून पाहिलं. ते गेलं नाही. त्यांच्यासमोर दोन-चार झाकणंही निघाली, कारण साचा तेव्हा जुनाच होता, माझ्याच मापाचा. बाई खूश झाल्या. "फार सुरेख जाळी आहे. इतरांनी बघून शिकावी अशी," त्या म्हणाल्या. माझं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मी वेडी, फुशारून गेले. वाटलं, आता आपण पुन्हा कामावर.

बाईंची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मेहुण्यांनी पाना मागवला. माझा रंगसुद्धा नीट वाळला नव्हता. पुन्हा तोच खिळा. गरज सरो, वैद्य मरो.

काही दिवसांनी पाटी आली. चकचकीत पितळेची. 'येथे कामगारांची सुरक्षितता जपली जाते.' माझ्या जिवावर आली आणि दारावर जाऊन मिरवायला लागली. तिच्याबरोबर मालकांनी, मेहुण्यांनी फोटो काढले. ती रोज पुसली जायची. आणि कोण पुसायचं, सांगू? मावशी. झाडलोट झाली की चिंच लावून, त्या अर्ध्या हातानं, पाटी लख्ख करायची असा मेहुण्यांचा हुकूम होता. तेल मला मिळेना आणि चिंच तिला चुकेना.

सून कामावर आली. काही दिवस पॅकिंगमध्ये बसली. मग मेहुण्यांनी तिचे चपळ हात पाहिले आणि एका सकाळी तिला प्रेसवर बसवलं. मावशी झाडू टाकून धावत आल्या.

"पॅकिंगचं ठरलं होतं, साहेब!"

"तिथे माणसं झाली. आणि हिचा हात भराभर चालतोय."

"मग निदान जाळी तरी लावा."

"मावशी, तुम्ही झाडू मारा. मशीनमधलं तुम्हाला काय कळतंय?" मेहुणे हसले. "आणि दारावरची पाटी बघितलीत ना? रोज पुसता की. सरकारनंच सांगितलंय, इथं सगळं सुरक्षित आहे म्हणून."

मित्रांनो, मला राग तर आधीपासून होता, पण त्या वाक्यानं तो पेटला. जी पाटी हात वाचवण्यासाठी निघाली, तिच्याच आडोशाला हात तोडायचं काम चाललं होतं. तपासायला कुणी येणार नाही, कारण पाटी आहे. जाळी लावायची गरज नाही, कारण पाटी आहे. त्या दिवशी मी ठरवलं, की एक दिवस असा येईल की ही पाटी उतरेल आणि ती मीच उतरवीन. माझ्या अंगावर गंज चढत होता, रागावर नाही.

मावशींचंही तेच चाललं होतं. झाडताना त्या माझ्यापाशी थांबायच्या, अंगावरची धूळ फुंकायच्या आणि तोंडातल्या तोंडात बोलायच्या. "जाऊन सांगू कुणाला? मीच माझ्या तोंडानं दाराचं नाव घेतलंय. आता खरं बोलले तरी म्हणतील, म्हातारी पलटली." मग माझ्या गजावर बोट फिरवून म्हणायच्या, "दम धर गं. माझं तोंड बांधलंय, पण तुला कुठे तोंड आहे? तुला कोण गप्प करणार?"

पुढे मोठ्या डब्यांचं काम आलं आणि प्रेसवर नवा साचा चढला. जुन्यापेक्षा रुंद. त्याचा वरचा भाग तर चांगलाच पुढे आलेला. साचा बदलला की जाळी बदलायची, हे ठिणगीकाकांनी बजावलेलं होतं. पण जी लावायचीच नाही तिचं माप कोण बघतो? कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मी समोरच्या भिंतीवर टांगलेली होते आणि मला बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. वरचं डोकं साच्यासकट खाली यायचं तेव्हा जिथे माझी वरची दांडी असायला हवी, नेमक्या तिथूनच ते जायचं.

मान्यतेची मुदत संपत आली. अधिकारी बाई पुन्हा येणार असं कळलं. त्याच आठवड्यात सूनबाईच्या हातमोज्याचं टोक प्रेसमध्ये सापडलं. बोट सुताएवढ्या अंतरानं वाचलं. ती बिचारी मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. मावशींनी झाडताना ते मोज्याचं टोक उचललं, तळहातावर ठेवलं आणि खूप वेळ बघत बसल्या. मग एप्रनच्या खिशात टाकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं, इतकी ती नजर कोरडी होती.

बाई येणार त्या सकाळी मेहुणे लगबगीनं आले. "मावशी, ती जाळी काढा, रंग मारा आणि बसवून टाका. मागच्या वेळेसारखी."

मावशींनी मला खिळ्यावरून उतरवलं. रंग दिला. प्रेसवर नेऊन धरलं आणि वर पाहिलं. आधी साच्याकडे, मग माझ्या दांडीकडे. वीत लावून पाहिली. पुन्हा पाहिली. आणि मग, मित्रांनो, किती वर्षांनी, मावशी हसल्या. प्रेस थांबलेली असताना मी छान बसत होते. भोकाला भोक जुळत होतं, बोल्ट जात होते. डोकं वर असेपर्यंत ब्रह्मदेवालाही काही कळलं नसतं. मावशींनी सगळे बोल्ट असे आवळले की पाना कुरकुरला. मग माझ्यावर एक थाप मारली, पूर्वीसारखी. माझा ओला रंग त्यांच्या हाताला लागला. तो त्यांनी पुसला नाही.

मेहुण्यांनी येऊन मला हलवून पाहिलं. "घट्ट बसलीय ना?"

"घट्टच बसवलीय."

"चालायला काही अडचण नाही ना येणार?"

"मशीनमधलं मला काय कळतंय, साहेब?" मावशी म्हणाल्या. "मी झाडूवाली."

मग त्या मागे गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "आज तू प्रेसपाशी फिरकायचं नाहीस. कुणी विचारलं तर पोटात कळ आलीय म्हण."

"आई, काय झालंय?"

"काही झालं नाही. व्हायचंय."

अधिकारी बाई आल्या. मालकांनी दारातच पाटीकडे हात करून स्वागत केलं. मावशींना मेहुण्यांनी मोरीकडे थांबायला सांगितलं होतं, पण त्या हळूच येऊन भिंतीवरच्या मुख्य बटणापाशी उभ्या राहिल्या, हात एप्रनच्या खिशात घालून. बाईंनी मला ओळखलं. "अरे वा, हीच ती जाळी! मी इतर कारखान्यांत हिचं उदाहरण देते." मालक लाजल्यासारखे हसले. "एक झाकण काढून दाखवता?" बाई म्हणाल्या.

"सूनबाईंना बोलवा," मेहुणे म्हणाले.

"तिच्या पोटात कळ आलीय," मावशी म्हणाल्या.

मेहुण्यांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण बाईंसमोर बोलणार काय? त्यांनी घड्याळ वर सरकवलं. "त्यात काय एवढं? मीच दाखवतो." आणि ते स्टुलावर बसले. त्यांनी पत्रा माझ्या फटीतून आत सरकवला, बोटं पार गजांना टेकेपर्यंत.

"हात बाहेर ठेवा," मावशी म्हणाल्या.

मेहुणे हसले. "जाळी आहे की!"

ऐकलंत ना? माझ्यावर विसंबून राहायची त्यांची ही पहिलीच वेळ.

त्यांनी पायडल दाबलं. डोकं खाली आलं आणि साचा माझ्या दांडीवर आदळला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. माझी दांडी कडाडून मोडली, गज वाकले, पत्रा दुमडून बाहेर आला आणि प्रेस घुरघुरत अडकली. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांच्या बोटांची हाव सुटली होती. फार नाही, दोनच. हिशोब चुकता झाला असता. पण मला घडवलंच तसं नव्हतं. ठिणगीकाकांचा एकही जोड सुटला नाही. पत्रा जाईल, बोट जाणार नाही. ज्या माणसानं मला खिळ्यावर लटकवलं, त्याचेही हात मी स्वतः मोडता मोडता वाचवले.

मावशींनी बटण बंद केलं. मेहुणे मागच्या मागे उडून भिंतीला टेकले होते. चेहरा पांढराफटक. ते आपली बोटं डोळ्यांसमोर धरून एकेक करून बघत होते, आहेत ना म्हणून. सगळ्यांनी ते पाहिलं. मीही पाहिलं, आणि पोटभर पाहिलं.

बाई जवळ आल्या. त्यांनी माझी मोडलेली दांडी पाहिली, वरचा साचा पाहिला. मग भिंतीशी लागलेल्या झाकणांच्या थप्प्यांकडे वळल्या. एक झाकण उचलून साच्याशी लावून पाहिलं.

"ही झाकणं याच साच्याची ना?"

"हो," मालक म्हणाले, आणि म्हणताच त्यांच्या लक्षात आलं.

"ही जाळी लावली असेल तर या साच्यातून एकही झाकण निघू शकत नाही. मग एवढी झाकणं कशी निघाली?"

"आजच काहीतरी सरकलंय," मेहुणे पुटपुटले. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? बाईंनी माझ्या गजाला हात लावला, तर बोटाला ओला पिवळा रंग आला. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे मोठा खिळा होता आणि खिळ्याखाली माझ्या आकाराचा धुळीचा ठसा. मग त्यांची नजर बटणावर अजून तशाच ठेवलेल्या हाताकडे गेली.

"तुमच्या हाताला काय झालं?"

"ते घरी, दारात," मालक घाईनं म्हणाले.

"मी त्यांना विचारलं."

मावशींनी खिशातून मोज्याचं टोक काढून बाईंच्या हातावर ठेवलं. "दार-बिर काही नाही, बाई. माझी बोटं या प्रेसमध्ये गेली. तेव्हा जाळी त्या खिळ्यावर होती. हे माझ्या सुनेच्या मोज्याचं. हे परवाचं. तेव्हाही जाळी त्या खिळ्यावरच होती. मी खोटं बोलले, ते पोटासाठी. आता सुनेचा हात जायची वेळ आलीय. आता नाही बोलणार."

दारातून सून बघत होती. ती पुढे आली आणि सासूला खेटून उभी राहिली.

बाईंचा चेहरा उतरला होता. "मागच्या वेळी मीच हिचं कौतुक करून गेले," त्या म्हणाल्या. त्या मालकांवर चिडल्या होत्याच, पण स्वतःवर जास्त चिडल्या असाव्यात. "आधी ती पाटी उतरवा. आत्ता. माझ्यासमोर."

पाटी ज्यांनी लावली होती त्यांनाच स्टुलावर चढावं लागलं. मेहुण्यांच्या हातून स्क्रू काही केल्या फिरेना. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. पाटी उतरली आणि तिच्यामागे दारावर स्वच्छ चौकोन राहिला. मग बाईंनी त्यांनाच मला सोडवून बाहेर ठेवायला सांगितलं. त्यांनी मला कवेत उचललं तेव्हा मी माझा सगळा ओला रंग त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतला. तेवढं सुख मी घेतलं.

पुढे काय झालं ते मी कोपऱ्यात पडल्या पडल्या पाहिलं. प्रेसला कुलूप लागलं. आता न कळवता येणारे तपासनीस येऊ लागले. मोठी गिऱ्हाइकं पाटी बघून आली होती, पाटी गेली तशी निघून गेली. मावशींचा अपघात प्रेसच्याच नावावर नोंदला गेला आणि त्यांच्या हक्काची भरपाई त्यांना द्यावी लागली. मेहुणे काही दिवसांनी दिसेनासे झाले. मालकांना वाईट वाटलं असेल, वाटू दे. ते एकदा मावशींपाशी येऊन म्हणाले, "मावशी, खाल्ल्या घरचे वासे मोजलेत तुम्ही."

"वासे नाही मोजले, मालक," मावशी म्हणाल्या. "बोटं मोजली."

प्रेस सुरू करायची तर नवी जाळी हवी होती. ठिणगीकाका आले, आता चांगलेच म्हातारे झालेले. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं, माझे जोड चाचपले. एकही सुटला नव्हता म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. मग त्यांनी सूनबाईला करंगळी दाखवायला सांगितली. नवी जाळी तयार झाली, माझ्यापेक्षा रुंद, नव्या साच्याच्या मापाची. तिच्या प्रत्येक फटीत ठिणगीकाकांनी बोट घालून पाहिलं आणि तेच वाक्य म्हटलं. मग मालकांकडे बघून म्हणाले, "या वेळी नुसती मान डोलवू नका."

मला न्यायला बाईंच्या कचेरीची गाडी आली, त्या दिवशी मावशी पक्कड घेऊन भिंतीपाशी गेल्या. खिळा खोल गेला होता. उरलेल्या बोटांनी पक्कड नीट धरता येईना, तशी सुनेनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. दोघींनी मिळून ओढलं.

"खिळा कशाला काढताय?" मालकांनी विचारलं. "काही अडकवायला लागतो की."

"म्हणूनच काढतेय," मावशी म्हणाल्या.

मित्रांनो, आता मी इथे, या टेबलावर असते. मान्यता मागायला येणारे मालक माझ्यापाशी थांबतात, बाई त्यांना माझी गोष्ट सांगतात आणि त्यांच्यातल्या काहींच्या कपाळावर घाम येतो. मला तो बघायला आवडतो. जाळीनं शेवटी दयामाया शिकवावी, असं तुम्हाला वाटत असेल. मला नाही जमत. मला एवढंच येतं. कधी एखाद्या कारखान्यात गेलात तर दारावरची पाटी वाचत उभे राहू नका. आत जा आणि मशीनसमोरची भिंत बघा. तिथे खिळा असेल आणि त्यावर माझ्यासारखी कुणी टांगलेली असेल, तर तिला उतरवून जागेवर बसवा. ते तुमच्या हातात नसेल तर निदान तिच्या जवळ जा, तिच्यावरची धूळ फुंका आणि हळूच सांगा, दम धर गं.